प्रशिक्षण म्हणायचे की काम?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची मुदत संपली, कार्यमुक्तीचे कागद हातात पडले आणि प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत ते गेले. मागणी एकच, आम्हांला कायम करा. त्यावर उत्तरही एकच मिळत आले आहे. ही नोकरी नव्हती, प्रशिक्षण होते, आणि प्रशिक्षणाने नोकरीवर हक्क सांगता येत नाही. शासन निर्णय समोर ठेवला तर हे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीत जाऊन पाहिले, की ते उत्तर टिकत नाही.

योजना जुलै २०२४ मधली. ९ जुलैला शासन निर्णय निघाला, तरतूद साडेपाच हजार कोटींची आणि लक्ष्य वर्षाला दहा लाख तरुणांचे. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन, थेट आधार जोडलेल्या खात्यात. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करायची, आस्थापना निवडायची, आदेश घ्यायचा आणि रुजू व्हायचे. पंढरपुरात आषाढीच्या दिवशी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तिचा उल्लेख केला आणि ‘लाडका भाऊ’ हे नाव तिला चिकटले. मुदत आधी सहा महिन्यांची होती. विधानसभेची निवडणूक झाल्यानंतर, २०२५ मध्ये, ती पाच महिन्यांनी वाढवण्यात आली.

या पैशाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. कापूस आणि सोयाबीनच्या घरात रोख पैसा हंगामाला येतो आणि देणेकऱ्यांकडे जातो. अशा घरात दर महिन्याला खात्यावर आठ-दहा हजार जमा होणे म्हणजे किराणा उधारीवर न आणणे. झरी जामणी, घाटंजी, महागावकडच्या कितीतरी मुली आणि सुना बी.ए., बी.कॉम. होऊन घरीच बसल्या होत्या. गाव न सोडता त्यांना पहिल्यांदा कचेरीतली खुर्ची मिळाली, आवक-जावक नोंद कशी ठेवतात ते कळले, संगणकावर हात बसला. हे खरे आहे आणि चांगले आहे.

पण त्या खुर्चीवर बसून त्यांनी केले काय? द्विशिक्षकी शाळा घ्या. एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरण्यात किंवा बैठकीला गेलेले, दुसऱ्यांकडे चार वर्ग. अशा शाळेत बी.ए. झालेली मुलगी प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होते. पहिल्या आठवड्यातच पहिली-दुसरीची मुले तिच्या हवाली होतात. ती त्यांना पाढे म्हणायला लावते, वाचन घेते, पोषण आहाराच्या नोंदी भरते. मुले तिला मॅडम म्हणतात, गावही मॅडम म्हणते. महिनाअखेरीस ती हजेरीपत्रकावर मुख्याध्यापकांची सही घेते, ते पोर्टलवर चढते आणि मग विद्यावेतन कधी पडते याची वाट पाहणे सुरू होते. महिन्यात दहा दिवस गैरहजेरी झाली तर त्या महिन्याचे विद्यावेतन नाही, असा नियम आहे. तिला शिकवायचे कसे, हे शिकवायला मात्र कोणी येत नाही. फळ्यासमोर कसे उभे राहायचे, अक्षर न ओळखणाऱ्या मुलाला कुठून सुरुवात करून द्यायची, हे ती स्वतःच चाचपडत शोधते. तिचा वर्ग बघून चार गोष्टी सांगणारे कोणी नसेल, तर याला प्रशिक्षण म्हणता येत नाही. हे काम आहे. आणि मुलांच्या बाजूने पाहिले तर हा अन्याय दुहेरी आहे, कारण त्यांच्या हक्काचा शिक्षक त्यांना मिळालेला नसतो.

योजना कागदावर उद्योगांसाठीही होती. खासगी आस्थापनेत किमान २० कर्मचारी हवेत, अशी अट होती. पुणे, चाकण, ठाण्यात ही अट कुणाला जाचत नाही. यवतमाळात लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला डेनिमचा कारखाना, मुकुटबनचा सिमेंट कारखाना, वणीकडच्या कोळसा खाणी अशी मोजकी नावे घेतली की यादी आवरती घ्यावी लागते. जिनिंग हंगामी. बाकी दुकाने, दवाखाने, कृषी केंद्रे, आणि तिथे २० माणसे कुठून असणार? साहजिकच इथला तरुण सरकारी कचेरीकडे वळला. जिल्ह्यात कौशल्य शिकवणारे कारखाने नाहीत आणि कचेऱ्यांमध्ये माणसे नाहीत. या दोन उणिवा एकमेकींना भेटल्या आणि त्या भेटीला प्रशिक्षण हे नाव मिळाले.

आता मजुरीचा हिशेब. शाळेचे महिन्याला २६ दिवस धरले, तर बारावी झालेल्या प्रशिक्षणार्थ्याच्या ६ हजारांचे दिवसाला २३० रुपये होतात. त्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे मातीकामाला जाणाऱ्याच्या मजुरीपर्यंतही शाळेत उभा राहणारा पोहोचत नव्हता. मातीकाम हलके आहे असे आमचे म्हणणे नाही, ती मजुरीही कमीच आहे. पण तिच्यामागे कायदा उभा राहिला, इकडे फक्त शासन निर्णय आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा यांतले काहीच या प्रशिक्षणार्थ्यांना लागू नाही.

या जिल्ह्याने हा फरक विसरू नये, याला कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. योजनेमागचा विचार वि. स. पागे यांचा. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. काम मागणारा अडाणी असो, भूमिहीन असो, तो अर्ज करून सरकारला बांधू शकत होता. पुढे केंद्राचा कायदा २००६ मध्ये लागू झाला तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत यवतमाळ होते. त्याच जिल्ह्यातला पदवीधर आज महास्वयमवर नाव नोंदवतो तेव्हा त्याला मागण्याचा अधिकार नसतो. जागा निघाली तर मिळणार, मुदत सरकार ठरवणार, विद्यावेतन थकले तर चौकशी करत फिरायचे. पन्नास वर्षांपूर्वी दुष्काळात, रिकाम्या तिजोरीच्या काळात जे अंगठा लावणाऱ्या मजुराला देता आले, ते सही करणाऱ्या तरुणाला का देता येऊ नये, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

आणखी एक गोष्ट. बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला होता. तरुण संतापले आणि २० ऑक्टोबरला तो रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत ही योजना आली. कंत्राटी माणसाला निदान कंत्राट असते. प्रशिक्षणार्थी तर त्याहून स्वस्त, आणि त्याच खुर्चीवर बसलेला.

तरीही ‘सरसकट कायम करा’ या मागणीच्या मागे आम्ही उभे राहू शकत नाही. यवतमाळ, पुसद, वणीच्या अभ्यासिकांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत पुस्तकात डोके घालून बसलेली मुलेही याच जिल्ह्याची आहेत. ज्याला आस्थापना मिळाली तो कायम आणि ज्याला मिळाली नाही तो बाहेर, हा न्याय होणार नाही. परीक्षा आणि आरक्षणाच्या वाटेनेच पदे भरली पाहिजेत. मात्र अकरा महिन्यांच्या कामाची किंमत शून्य, हेही आम्ही मानणार नाही.

यावर राज्यानेच पूर्वी एक वाट काढलेली आहे. मागच्या पिढीत सुशिक्षित बेरोजगारांना सरकारी कचेऱ्यांत तुटपुंज्या मानधनावर असेच राबवून घेतले होते. त्यांना पुढे पदवीधर अंशकालीन म्हणून सरळसेवेत १० टक्के समांतर आरक्षण मिळाले, वयोमर्यादा ५५ पर्यंत शिथिल झाली. भरतीच्या जाहिरातीत तो रकाना अजून असतो. पण तो हक्क मिळेपर्यंत त्यांच्यातल्या अनेकांची उमेदीची वर्षे निघून गेली होती. आजच्या प्रशिक्षणार्थ्यांना काय देणार हे सरकारने आत्ताच, ते तरुण असतानाच ठरवावे. वयात सवलत द्यायची की अनुभवाचे काही गुण, यावर चर्चा होऊ शकेल. प्रमाणपत्रावर नुसता कालावधी न लिहिता कोणते काम केले, काय येते, हे वरिष्ठाने सहीनिशी लिहून द्यावे, यावर तर चर्चेचीही गरज नाही. विद्यावेतनाला तारीख हवी, आणि ती चुकली तर भरपाई हवी. जिथे शिकवणारा माणूस नेमून दिलेला नाही, तिथे प्रशिक्षणार्थी पाठवूच नये.

आणि पुढची तुकडी रुजू करून घेण्याआधी यवतमाळच्या जिल्हा परिषदेने एक यादी लोकांसमोर ठेवावी. ज्या शाळांत, आरोग्य केंद्रांत आणि ग्रामपंचायतींत ही मुले अकरा महिने काम करत होती, तिथली मंजूर पदे किती, त्यांतली रिकामी किती आणि त्यांची जाहिरात कोणत्या महिन्यात निघणार.