लाइफटाइम वॉरंटी, पण कुणाची लाइफ?

तर झालं असं, की २०२३ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, मी बाल्कनीत सायकल धूत बसले होते. आमच्याकडे वाहनांच्या पूजेत सायकलचा नंबर कारच्या आधी लागतो (नवऱ्याचं मत विचारू नका). पावसाळाभर साठलेला वेताळ टेकडीचा चिखल जुन्या टूथब्रशने काढता काढता हँडलच्या खाली, जिथे पुढचा छोटा उभा पाइप आणि खालचा जाड तिरका पाइप जोडलेले असतात, तिथे एक केस चिकटलेला दिसला. बोटाने काढायला गेले, निघेना. नखाने खरवडला, तर नखच अडकलं.

केस नव्हता तो. फ्रेमला तडा गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझा सोळा वर्षांचा भाचा हीच सायकल घेऊन टेकडीवर जाणार होता. उतारावर दगडांत हा जोड सुटला, तर पुढचं चाक हँडलसकट वेगळं होतं आणि चालवणारा तोंडावर आपटतो. ताई, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता वाचते आहेसच, तर रागावू नकोस.

आता सायकल कुठली, ते लिहीत नाही. कंपनीचं नाव सांगून भांडण काढायचा हा लेख नाही, आणि पुढे जे सांगणार आहे ते बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत थोड्याफार फरकाने सापडतं. २०१७ साली घेतलेली माउंटन बाइक, अॅल्युमिनियमची फ्रेम, आणि माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'फ्रेमवर लाइफटाइम वॉरंटी'. ते वाक्य वाचूनच मी बजेटच्या बाहेर गेले होते. आयुष्यभराची सायकल म्हटल्यावर काय!

आमच्या मेकॅनिकने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, रंगाचा तडा नाही हा. आतून आलाय. आजपासून बसू नका हिच्यावर." त्याच्या या दोन वाक्यांत जेवढा प्रामाणिकपणा होता, तेवढा पुढच्या तीन महिन्यांच्या पत्रव्यवहारात मला मिळाला नाही.

आधी बिल मागितलं. ते होतं. मग फ्रेम नंबर, मग चारी बाजूंनी फोटो, मग सायकल दुकानात जमा करा. पाच आठवडे काही नाही. मग उत्तर आलं की तडा 'समोरून बसलेल्या धक्क्यामुळे' गेलेला दिसतो, सबब वॉरंटी लागू नाही. मी लिहिलं की सायकल कशालाही धडकलेली नाही. समोरून एवढा मार बसला असता तर फोर्क वाकला असता, पाइपला पोचा आला असता, निदान रंग तरी उडाला असता. यावर जे उत्तर आलं ते फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखं आहे (ही फ्रेम तरी टिकेल!). धक्का नसेल तर ही वापरातून आलेली झीज आणि धातूचा थकवा धरावा लागेल, आणि तोही वॉरंटीत बसत नाही.

म्हणजे बघा हं. फ्रेम एकदम तुटली तर तो अपघात, आणि हळूहळू तुटली तर ती झीज. तिसऱ्या प्रकाराने फ्रेम तुटते कशी, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सुरुवातीपासूनच जोडात दोष होता, असं म्हणायची सोय आहे, पण तो सिद्ध कुणी करायचा?

शेवटी 'सद्भावना म्हणून' नव्या फ्रेमवर सवलत मिळाली. अट एकच, जुनी फ्रेम करवतीने कापून तिचा फोटो पाठवायचा. अट तशी योग्यच आहे, तडा गेलेली फ्रेम कुणी रंगवून विकू नये म्हणून. मी हॅकसॉ घेऊन बसले. तड्याच्या दोन्ही बाजूंनी कापलं, आणि मधला तुकडा हाताने वाकवल्यावर उघडला. तो घेऊन मामेभावाकडे गेले. दादाची सगळी नोकरी पिंपरीच्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये गेली. त्याने भिंग लावलं आणि दोन मिनिटांत माझ्या हातात दिलं. तुटलेल्या पृष्ठभागाचा बराचसा भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकामागोमाग एक वळणदार रेषा. कडेचा थोडासाच भाग ताजा, चकचकीत, खरबरीत. "तो तू आत्ता मोडलास तेवढा," दादा म्हणाला. "बाकीचा कित्येक महिने सरकत होता. आणि सुरुवात इथे, वेल्डिंगच्या काठाला."

या रेषांना इंजिनिअरिंगमध्ये बीच मार्क्स म्हणतात. समोरून एका फटक्यात तुटलेल्या धातूवर त्या येत नाहीत. म्हणजे 'समोरून धक्का' हे पहिलं उत्तर साफ चूक होतं, आणि ते चूक असल्याचा पुरावा मला पुरावा नष्ट करताना सापडला.

यात धातूचीही एक बाजू आहे, ती सांगायलाच हवी. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला, तर ते व्यवहारात कितीही फेरे सहन करतं. अॅल्युमिनियमला अशी रेषा नाही. छोट्या छोट्या ताणानेही ते कधी ना कधी थकतंच. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या शेजारचा धातू मऊ पडतो, म्हणून चांगल्या फ्रेमला नंतर पुन्हा उष्णतेचे संस्कार द्यावे लागतात. म्हणून फ्रेम तुटली याबद्दल माझा राग नाहीच. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, २०१७ साली सुरू झालेलं. तिथे दुसऱ्या महायुद्धातली घडीची बीएसए पॅराट्रूपर पाहिली की वाटतं, पूर्वीचं ते सगळं अमर होतं. पण तुटलेल्या सायकली संग्रहालयात कुणी ठेवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. जुनी पोलादी फ्रेम तुटली तर गल्लीतला गॅस वेल्डिंगवाला पितळ ओतून सांधून द्यायचा. अॅल्युमिनियमला आर्गॉनवाला सापडतो, टाका सुबकही घालतो, पण नंतरचे ते उष्णतेचे संस्कार तो कुठून देणार? मी तरी भाच्याला त्या टाक्यावर बसवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जी वस्तू थकणार हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, तिच्यावर 'लाइफटाइम' लिहू नये. लाइफ कुणाची? माझी नाही. वॉरंटी पहिल्या मालकालाच असते, म्हणजे मी उद्या भाच्याच्या नावाने सायकल केली की ती मेली. फ्रेमची म्हणावी, तर फ्रेम तुटली की तिचं आयुष्य संपलं, मग वॉरंटीही संपली, असाही अर्थ लावता येतो. आणि कंपनीची? बाबांची अॅटलस अजून आमच्या गावच्या घरी आहे. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद झाला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी! सायकल उभी आहे, कारखाना नाही.

त्यापेक्षा खरं सांगा ना. इतक्या वजनाच्या माणसाने, अशा रस्त्यावर वापरली तर इतकी वर्षं, त्यानंतर दर सहा महिन्यांनी हे जोड तपासा. चाचण्या होत नाहीत असं नाही. आयएसओ ४२१० या मानकात माउंटन बाइकच्या फ्रेमवर पायडलमधून १२०० न्यूटन, म्हणजे साधारण १२० किलो वजनाएवढा जोर, एक लाख वेळा देतात. आपण रोज काही तेवढ्या जोराने पायडल मारत नाही, त्यामुळे ही चाचणी दिसते त्याहून कडक आहे. पण ती नवीन फ्रेमवर होते. सातव्या वर्षी काय होणार, हे ज्यांच्याकडे तुटून परत आलेल्या फ्रेमचे आकडे आहेत त्यांनाच कळतं. आणि ते आकडे आपल्याला कुणी सांगत नाही.

सांगायला लावलं तर सांगतात. सप्टेंबर २०२३ मध्ये, माझ्या तड्याच्या एकच महिना आधी, शिमानोने अमेरिकेत सुमारे ६,८०,००० क्रँक परत तपासायला बोलावले. चिकटवलेले भाग सुटत होते, ४,५१९ तक्रारी आणि सहा जण जखमी झाल्याची नोंद. फ्रेम नव्हे, क्रँक, पण मुद्दा तोच. तिथेही तपासणीत दोष दिसला तरच नवा क्रँक मिळणार होता, यावर लोक चिडले ते चिडलेच. तरी निदान आकडा तरी जाहीर झाला.

आपल्याकडे? गंमत म्हणजे ज्या टेकडीवर माझी फ्रेम थकली, तिथेच एआरएआय आहे, देशातल्या गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूद आली आणि एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. पण सायकल मोटार नाही, त्यामुळे ती या कायद्यात नाही. तिच्यासाठी आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकारही आहे. राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं.

हे सगळं मला ठाऊक होतं. ग्राहक पंचायत १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केली ती याच पुण्यात, आणि आमचे काका तिच्या बैठकांना जायचे. तरी मी तक्रार केली नाही. तीन महिने सायकल नव्हती, भाच्याची सुट्टी तोंडावर आलेली, सवलत पदरात पडत होती. घेतली. काका, तुम्ही मला झापणार हे माहीत आहे, आणि तुमचं बरोबर आहे. माझ्यासारखे लोक सवलत घेऊन गप्प बसतात म्हणूनच तर ते आकडे बाहेर येत नाहीत.

असो. तुमच्याकडे अॅल्युमिनियमची जुनी सायकल असेल तर आज एवढं करा. नीट धुवा, पुसा आणि कापसाचा बोळा हळूहळू सगळ्या जोडांवरून फिरवा, हँडलखाली, सीटच्या दांडीखाली, पायडलच्या वरच्या जोडाला, मागच्या चाकाच्या दांड्यांना. कापसाचा धागा अडकला तर टॉर्च घ्या, आणि खात्री होईपर्यंत कुणाला त्या सायकलवर बसू देऊ नका.

भाचा आता नव्या फ्रेमवर जातो. तिच्याही माहितीपत्रकावर लाइफटाइम लिहिलेलं आहे. जुनीचा तो कापलेला तुकडा बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी पडलाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला, अजून दिलेला नाही.