दोन फोटोंच्या मधले काम

दलित वस्तीतल्या कोणत्याही पूर्ण झालेल्या कामाची फाइल उघडा. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, देयक आणि शेवटी चिकटवलेले दोन फोटो. पहिल्यात चिखल, दुसऱ्यात सिमेंटचा पांढराशुभ्र रस्ता. खाली लिहिलेले असते 'कामापूर्वी' आणि 'कामानंतर'. फाइल बंद, देयक मंजूर. दोन पावसाळे गेले की त्याच रस्त्याची गिट्टी वर येते, नालीचे पाणी पुन्हा उंबरठ्यापर्यंत येते. तक्रार घेऊन गेले की उत्तर ठरलेले असते, "काम झाल्याचे फोटो आहेत."

फोटो खोटे नसतात. खोटेपणा असतो तो त्या दोन फोटोंच्या मधल्या दिवसांत, आणि त्या दिवसांचा फोटो कुणी काढलेला नसतो. चळवळीतील कार्यकर्त्यांनी या साध्या गोष्टीकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण आपल्या वस्तीच्या नावावर येणारा पैसा बहुतेक वेळा याच फटीतून गळतो.

ज्या योजनेला आपण आजही दलित वस्ती सुधार योजना म्हणतो, तिचे नाव ५ डिसेंबर २०११ च्या शासन निर्णयाने 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे' असे झाले. त्या निर्णयाने वस्तीच्या लोकसंख्येनुसार निधीची मर्यादा ठरली. सर्वांत लहान वस्तीला दोन लाख आणि तीनशेवर लोकसंख्येच्या वस्तीला वीस लाख. या पैशातून अंतर्गत रस्ते, नाल्या, पाणीपुरवठा, समाजमंदिर, दिवाबत्ती अशी कामे होतात. ही कुणाची मेहेरबानी नाही. अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेला हा निधी आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाचा आहे.

आता यवतमाळ जिल्ह्याची जमीन पाहा. उमरखेड-पुसदपासून वणी-राळेगावपर्यंत जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा, कपाशीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर थेट सिमेंट ओतले तर रस्ता टिकत नाही. आधी माती खोदून काढावी लागते, मुरूम भरून दाबावा लागतो, गिट्टीचा थर द्यावा लागतो आणि मग काँक्रीट. काँक्रीटवर पुढे कित्येक दिवस पाणी मारावे लागते. अंदाजपत्रकात या प्रत्येक बाबीचा दर असतो, जाडी असते, पैसा असतो. पण काँक्रीट पडले की खालचे सर्व कायमचे झाकले जाते. मुरूम किती भरला, गिट्टी पडली की नाही, हे 'कामानंतर'च्या फोटोत कोणाच्या बापाला दिसणार नाही. भ्रष्टाचार करणाऱ्याला हे पक्के माहीत असते. माहीत नसते ते आपल्या लोकांना.

जमिनीखालचे काम वरच्या फोटोत दिसत नाही, याचा धडा यवतमाळ शहराने मार्च २०२३ मध्ये घेतला आहे. भूमिगत जलवाहिनी फुटली आणि रस्ता अक्षरशः उसळून वर आला. सीसीटीव्हीतले ते चित्रण देशभर पाहिले गेले. कारणे काहीही असोत, त्या क्षणाच्या आधी त्या रस्त्याचा फोटो काढला असता तर तो चांगल्या रस्त्याचाच फोटो ठरला असता.

दुसरी लबाडी ऋतूची. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. नाला खोलीकरणाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आणि सरकारी जाहिरातींत भरभरून झळकली. एका बाजूला कोरडा, भेगाळलेला नाला. दुसऱ्या बाजूला काठोकाठ पाणी. पण मे महिन्याचा 'आधी' आणि ऑगस्टचा 'नंतर' शेजारी ठेवला तर काहीही न खोदलेला नालाही भरलेलाच दिसेल! भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या अभियानावरील अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प झाला, असे त्यात नमूद आहे. फोटोत पाणी होते, विहिरीत नव्हते. तुलना करायची तर मे महिन्याची मे महिन्याशीच केली पाहिजे.

शासनाला फोटोचे महत्त्व कळत नाही असे नाही. रोजगार हमीच्या कामांना नोव्हेंबर २०१७ पासून काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर असे तीन टप्प्यांत, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो घेण्याची पद्धत केंद्राने लागू केली. म्हणजे मधला फोटो हवा, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. पुढे जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरीही मोबाइल अ‍ॅपवर फोटो काढून दिवसातून दोनदा घेणे सक्तीचे झाले. नेटवर्क नसेल, फोटो चढला नाही, तर राबलेल्या बाईची मजुरी बुडायची. चोरी मात्र थांबली नाही. ८ जुलै २०२५ च्या पत्रात केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच गैरप्रकारांची यादी दिली. असंबद्ध फोटो चढवले जातात, फोटोचाच पुन्हा फोटो काढला जातो, एकाच मजुराचा फोटो अनेक हजेरीपटांवर येतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा २००५ चा कायदा बदलणारा नवा कायदा मंजूर केला, पण कायद्याचे नाव बदलल्याने कॅमेऱ्यामागचा हात बदलत नाही.

खरा मुद्दा हाच आहे. कॅमेरा कुणाच्या हातात आहे आणि तो कुणाकडे रोखलेला आहे? वरून खाली रोखलेला कॅमेरा मजुरावर पाळत ठेवतो. खालून वर रोखलेला कॅमेरा ठेकेदार, अभियंता आणि लोकप्रतिनिधी यांच्या कामाचा हिशेब ठेवतो. पहिला कॅमेरा सरकारने गावोगाव पोहोचवला. दुसरा आज आपल्या प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे, पण तो जयंतीच्या मिरवणुकीपुरताच बाहेर निघतो.

मग करायचे काय? कामाची चाहूल लागताच, खोदाई सुरू होण्यापूर्वी, जागेचा फोटो काढा. आधीचा फोटो नंतर काढता येत नाही. ती संधी एकदाच येते. उभे राहण्याची जागा ठरवून घ्या. विजेचा खांब, विहार, हातपंप, शाळेची भिंत अशी न हलणारी खूण फोटोत आलीच पाहिजे. पुढचा प्रत्येक फोटो त्याच जागेवरून, त्याच दिशेने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. खोदाई झाल्यावर, मुरूम पडल्यावर, गिट्टी पडल्यावर, काँक्रीट ओतताना प्रत्येक थराचा फोटो आणि थराला उभा मोजपट्टा लावून आकडे वाचता येतील असा एक जवळचा फोटो. कामाच्या माहिती फलकाचा फोटो; फलकच लावला नसेल तर तसा मोकळ्या जागेचा. शेवटचा फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा नव्हे, तर पहिल्या पावसाळ्यानंतरचा. काम झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची असते आणि त्याची अनामत रक्कम शासनाकडे असते. ही दोषदायित्वाची मुदत संपण्यापूर्वी तो फोटो लेखी तक्रारीसोबत दाखल झाला पाहिजे. मुदत संपून अनामत परत गेली की मग निवेदनांचे गठ्ठे तेवढे उरतात.

नुसता फोटो मात्र अर्धाच पुरावा. त्याच्या शेजारी अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका ठेवल्याशिवाय तो बोलत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(ञ) मध्ये केवळ कागदाच्या प्रती नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात हे चारही मागा. पुस्तिकेत मुरमाची जी जाडी लिहिली आहे आणि आपल्या मोजपट्ट्यावर जी दिसते, त्यांतला फरक म्हणजेच तक्रार. भाषण करण्याची गरज उरत नाही.

न्यायालयात जाण्याची वेळ आली तर आणखी एक दक्षता हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत सादर करताना विहित नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात त्या फाइलची ओळख पटवणारे हॅश मूल्यही नमूद करायचे असते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राचा प्रश्न आपल्याच राज्यातल्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. जालना मतदारसंघाच्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले; मात्र मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सिद्ध केले तर त्याची गरज नाही, असेही सांगितले. म्हणून फोटो ज्या मोबाइलमध्ये काढला तो जपून ठेवा, मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाणाची अंगभूत नोंद सहसा निघून जाते. फोटो कुणी, कधी, कुठून काढला याची नोंद एका वहीत करा आणि त्याखाली वस्तीतल्या दोघांच्या सह्या घ्या.

पुराव्याची ही शिस्त आपल्याला परकी नाही. महाडच्या चवदार तळ्याचा संगर आपण १९२७ च्या सत्याग्रहाने ओळखतो. पण त्याच वर्षी सुरू झालेला तळ्याचा दावा उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ पर्यंत चालला, हे कमी लोकांना आठवते. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि रूढी असल्याचा दावा विरोधकांना सिद्ध करता आला नाही आणि तिथेच ते हरले. बाबासाहेबांनी रस्त्यावरची लढाई लढताना कागदाची लढाई कधी सोडली नाही. आपण मात्र मोर्चा काढतो आणि पोचपावती घ्यायला विसरतो.

दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली, फोटो कामाचा काढायचा, माणसाच्या लाचारीचा नव्हे. गळके छप्पर दाखवा. त्याखाली बसलेल्या म्हातारीचा चेहरा तिच्या परवानगीशिवाय दाखवू नका. हागणदारीमुक्तीच्या नावाखाली उघड्यावर बसलेल्या गरिबांचे फोटो काढण्याचे प्रकार या देशात घडले आहेत. ती वाट आपली नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. आपल्या वस्तीचे काम अनेकदा आपलाच माणूस घेतो. ठेकेदाराच्या नावावर काम असते आणि प्रत्यक्ष करणारा निळा गमछा घालणारा असतो. तेव्हा मोबाइल खिशातच राहतात, कारण 'आपल्याच माणसाला कशाला अडचणीत आणायचे?' पण मुरूम न टाकता उचललेले पैसे ज्या वस्तीचे आहेत, तीही आपलीच आहे. फोटो जातीने किंवा पक्षाने काढायचा नसतो. प्रामाणिक काम करणाऱ्या सरपंचाला, अभियंत्याला आणि आपल्या ठेकेदारालाही हाच फोटो खोट्या तक्रारीपासून वाचवतो. ज्याचे काम चोख, तो मोजपट्ट्याला घाबरत नाही.

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी यंदा निदान एक काम निवडावे आणि पहिल्या कुदळीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत त्याची छायाचित्र-वही ठेवावी. ती वही ग्रामसभेत मांडावी, तिची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावावी आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी. पुढच्या वर्षी त्या वस्तीत काम घेणारा आधी विचारेल, वही ठेवणारे पोर कोण आहे? तो प्रश्न विचारला गेला, की त्या रस्त्याखाली मुरूम पडेल.