कचरा उचलला, आता माल उचला

‘नगर निगमाचं काम कचरा उचलण्याचं, त्या कचऱ्यापासून बनलेला माल विकत घेत बसण्याचं नव्हे.’ इंदूरच्या राजवाड्याच्या चौकात फुटपाथ, बागा आणि निविदांचा विषय निघाला की हे मत ठामपणे मांडलं जातं. मांडणारे करदाते आहेत, त्यांची काळजी खरी आहे. पण मत चुकीचं आहे, आणि स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या इंदूरला ते परवडणारं नाही.

खरं तर इंदूरनेच ते एकदा खोडून काढलं आहे. शहराचा कचरा जिथे जातो त्या देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर 19 फेब्रुवारी 2022 रोजी बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. रोज 550 टन ओला कचरा, त्यातून सुमारे 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत, अशी त्याची क्षमता. खाजगी कंपनीने यात पैसा घातला तो स्वच्छतेच्या प्रेमापोटी नव्हे. निदान निम्मा गॅस आम्ही घेऊ, शहर बस त्यावर चालवू, अशी हमी निगमाने दिली होती. भावही ठरला, बाजारापेक्षा किलोमागे 5 रुपये कमी. आधी गिऱ्हाईक पक्कं झालं, म्हणून प्रकल्प उभा राहू शकला. ती हमी नसती तर घराघरांतून वेगळा करून दिलेला ओला कचरा कुठे गेला असता, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावं.

गॅसला जो न्याय, तो मलब्याला का नाही? पाडलेल्या घरांच्या विटा-काँक्रीटपासून पेव्हर ब्लॉक आणि विटा बनवण्याची सोयही शहरात आहे. राजवाड्याभोवतीच्या जुन्या वस्तीत रस्ते रुंद करताना कितीतरी घरांचे दर्शनी भाग पाडले गेले. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची ओसरी सोडली. त्याच रस्त्यांच्या फुटपाथला त्या मलब्यातला माल किती लागला, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आणि ही काही हौस नव्हे. केंद्राच्या 2016च्या बांधकाम-मलबा नियमांतच सरकारी आणि नगरपालिकांच्या कंत्राटांत असा माल ठरावीक प्रमाणात, उदाहरणार्थ 10 ते 20 टक्के, सक्तीने घ्यावा असं म्हटलं होतं. गुणवत्तेची कडक तपासणी ही त्याची अट.

इथे दुसरा आक्षेप येतो: माल कच्चा असतो. यात तथ्य आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. मलब्यातली खडी हातात घेऊन पाहा. तिच्या कडांना जुन्या सिमेंटचा भुरकट थर चिकटलेला दिसतो. माळव्याच्या काळ्या खडीवर पाणी ओतलं तर ते ओघळून जातं. मलब्यातल्या खडीत बरंचसं मुरतं. पाणी पिणारी खडी काँक्रीटचं गणित बिघडवते, हे कोणताही अभियंता सांगेल. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 383 या मानकाने 2016 मध्ये मर्यादा आखून दिल्या: सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-25 दर्जापर्यंतच, 20 टक्के; साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के; पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये मात्र शंभर टक्के. पुलाच्या खांबात ही खडी घाला असं कुणीच म्हणत नाही. फुटपाथ, दुभाजक, बागेतली पायवाट ही तिची जागा आहे. दिल्लीत बुराडीच्या प्रकल्पातले असे ठोकळे सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या कामात वापरले गेले. तिथे चालले, मग आमच्या फुटपाथला का चालू नयेत?

तिसरा आक्षेप महागाईचा. मागणी नसलेला माल महागच असतो, आणि मोठी मागणी उभी करण्याची ताकद सरकारी खरेदीत असते. एलईडी दिव्याचं उदाहरण बोलकं आहे. 2014च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत जो दिवा 310 रुपयांना पडत होता, तो घाऊक खरेदी सुरू झाल्यावर 2016 मध्ये सुमारे 38 रुपयांवर आला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 1993 मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या छपाई-लिखाणाच्या कागदात 20 टक्के वापरलेला कागद असलाच पाहिजे असा आदेश काढला, त्यामागचा हिशेबही हाच होता. शिवाय खाणीतल्या खडीच्या दरपत्रकात फोडलेल्या टेकडीची किंमत कधीच लिहिलेली नसते.

राहिला अधिकाऱ्यांचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. सर्वांत कमी दराचा ठेकेदार सोडून दुसरा निवडला, तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. ही भीती पोकळ नाही. पण उपाय निविदेतच आहे. पेव्हर ब्लॉकमध्ये मलब्यातली खडी इतके टक्के हवी, खत शहराच्या ओल्या कचऱ्याचं हवं, कागद पुनर्वापराचा हवा, प्रयोगशाळेचा दाखला जोडलेला हवा, हे आधीच लिहा. मग ती अट पाळणाऱ्यांत ज्याचा दर कमी त्याला काम द्या. नियमही मोडत नाही, अधिकारीही अडकत नाही. दाखल्याशिवाय मात्र एक गाडीही उतरवून घेऊ नये; हिरवं लेबल लावून जुनाच माल खपवणारे सगळीकडे असतात.

नेहमीच्या बाजारातलं नसलेलं साहित्य म्हणजे हलकं, असं मानणाऱ्यांनी राजवाड्याचा मागचा भाग पाहावा. 1984च्या दंगलीत तो जळाला. पुढे 2007 मध्ये पारंपरिक पद्धतीने आणि साहित्याने तो पुन्हा उभा राहिला. काय वापरायचं हे आधी ठरवलं, की असं काम जमतं.

2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे आणि यात्रेकरूंची मोठी वाट इंदूरवरून जाते. त्यासाठीच्या रस्त्यांच्या आणि फुटपाथांच्या निविदांत मलब्याच्या मालाचा टक्का आकड्यात लिहावा, दुभाजकांतल्या झाडांना देवगुराडियाचंच खत घालावं, आणि कोणत्या कामात किती टन माल लागला तो तक्ता दर तीन महिन्यांनी राजवाड्यासमोरच्या फलकावर लावावा.