रॉ की जेपेग? : लोणारच्या गुलाबी फोटोच्या निमित्ताने

गेल्या भूगोल दिनाला, म्हणजे १४ जानेवारीला, आपल्या महाविद्यालयात जे प्रदर्शन भरले होते त्यात लोणार सरोवराचा एक फोटो लावला होता. पाणी गुलाबी, काठची झाडी काळपट हिरवी आणि खाली 'जून २०२०' असे पेनने लिहिलेले. अनेकांनी तो पाहिला असेल. तो फोटो मी काढलेला होता. आमचे गाव लोणार तालुक्यातलेच. तेव्हा मी आठवीतून नववीत गेले होते, शाळा बंद होती, टाळेबंदी चालू होती, आणि 'तळ्याचे पाणी लाल झाले' अशी बातमी गावात आली म्हणून मी व माझा चुलतभाऊ कडेवर गेलो होतो. मोबाईल त्याचा, बोट माझे.

प्रदर्शन पाहायला आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी मला विचारले, "हा रंग खरा आहे की मोबाईलने भरलेला?"

मी म्हणाले, "सर, मी स्वतः पाहिला आहे."

"तुम्ही पाहिला हे मी मान्य करतो. पण फोटोवरून ते कसे कळावे?"

मला उत्तर देता आले नाही. राग आला, हे कबूल करते. घरी जाताना एस.टी.त बसल्या बसल्या मी त्या सरांशी मनातल्या मनात बरेच भांडले. पण चार दिवसांनी शांतपणे विचार केला तेव्हा पटले की प्रश्न बरोबर होता, आणि तो रंगापेक्षा फोटो कोणत्या रूपात जपला याबद्दल होता. प्रस्तुत लेख त्याच विचारातून लिहिला आहे. विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल, पण वाचकांनी पान उलटू नये अशी विनंती आहे.

त्या फोटोची कुळकथा अशी. चुलतभावाचा मोबाईल पुढे पाण्यात पडला आणि त्यातले सगळे गेले. फोटो उरला तो फक्त व्हॉट्सॲपवर. भावाने तो मामांना पाठवला होता, मामांनी दुसऱ्या कोणाला, त्याने आणखी कोणाला. आणि चार वर्षांनी तो फिरत फिरत माझ्याकडे परत आला. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार लहान करते, पुन्हा दाबते, आणि फोटोच्या पोटात लपलेली तारीख व ठिकाण काढून टाकते. म्हणून तर ती तारीख मला पेनाने लिहावी लागली! प्रदर्शनासाठी मोठा केला तेव्हा झाडीच्या कडेला बारीक बारीक चौकोन दिसू लागले. ते कुठून आले हे तेव्हा मला कळले नाही.

याउलट दुसरी गोष्ट सांगते. माझे आजोबा वारले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही मोठा फोटो घरात नव्हता. आजीला आठवले की फार वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत दोघांनी फोटो काढला होता. बाबा गेले. स्टुडिओवाल्यांच्या मुलाने एक पत्र्याची पेटी काढली, पाकिटे चाळली आणि निगेटिव्ह हातात दिली. त्यावरून हातभर मोठा फोटो निघाला, आजोबांच्या पागोट्याची घडीन् घडी दिसते. तीस वर्षांपूर्वीच्या निगेटिव्हवरून जे जमले ते चार वर्षांपूर्वीच्या मोबाईलवरून जमले नाही.

कॅमेऱ्यात आज निगेटिव्हच्या जागी जी वस्तू आहे तिला 'रॉ' म्हणतात, आणि तयार फोटोच्या जागी जी आहे ती 'जेपेग'. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश मोजणारे लक्षावधी बारीक कण असतात. त्यांना रंग कळत नाही, फक्त प्रकाश किती पडला एवढेच कळते. म्हणून प्रत्येक कणावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. ही मांडणी कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांची, तिचे पेटंट १९७६ चे. या कणांनी जे मोजले ते जवळजवळ जसेच्या तसे लिहून ठेवले की झाली रॉ फाईल. ती सरळ पाहिली तर फोटो वाटतच नाही, तिच्यावर संस्कार करावे लागतात. जेपेगमध्ये हे सगळे संस्कार कॅमेरा स्वतःच करून टाकतो. पांढरे कशाला म्हणायचे, सावली किती गडद ठेवायची, कडा किती धारदार करायच्या, हे कॅमेऱ्यातली यंत्रणा क्षणार्धात ठरवते आणि मग उरलेला माल टाकून देते.

टाकून देते म्हणजे काय, ते आकड्यांत सांगते. रॉमध्ये प्रत्येक कणावरचा प्रकाश १२ किंवा १४ बिटांत लिहिला जातो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. त्यानंतर जेपेग चित्राचे आठ बाय आठ कणांचे चौकोन पाडते आणि आपल्या डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा प्रत्येक चौकोनातून वगळते. डोळा उजेड-अंधारातला फरक चटकन टिपतो, रंगातला बारीक फरक तितका टिपत नाही, म्हणून रंगाचा बारकावा आधी जातो. माझ्या झाडीतले चौकोन ते हेच! पुन्हा पुन्हा दाबले की ते उघडे पडतात.

ही युक्ती हुशारीची आहे यात शंका नाही. जेपेगचे प्रमाण १९९२ साली ठरले, पण त्याच्या मुळाशी असलेले गणित १९७४ च्या एका निबंधात आहे. त्याचे पहिले लेखक नासिर अहमद हे बंगलोरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले. आज जगात कोट्यवधी फोटो इकडून तिकडे जातात ते या गणिताच्या जोरावर. त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

माझे मामा खामगावला जिनिंगमध्ये हमाली करतात. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर आत गेले होते. तिथे कापसावर दोन कामे होतात, आणि बाहेरच्या माणसाला ती एकच वाटतात. पहिल्यात सरकी वेगळी होते. कापसाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा रुई निघते. दुसऱ्यात ती रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधतात. गाठ सोडली की रुई पुन्हा फुगते, दाबल्याने काही गेलेले नसते. पण सरकी एकदा निघाली की ती बोंडात परत बसत नाही. दाबण्याच्या या दोन तऱ्हा फोटोतही आहेत. पुष्कळ कॅमेरे रॉ फाईलसुद्धा दाबतात, पण ती गाठीसारखी, सोडली की होती तशी. जेपेग आधी सरकी काढते. 'कॉम्प्रेस' हा एकच शब्द दोन्हींना वापरल्यामुळे आपल्याकडे घोटाळा होतो.

आता कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी रॉच वापरावे, वाद कशाला? वाद आहे, आणि तो मला माझ्या पोटापाण्याच्या जागीच भेटला. लग्नसराईत मी एका फोटोग्राफर भाऊंकडे मदतनीस म्हणून जाते. नवरीच्या खोलीतले फोटो काढायला त्यांना मुलगी लागते, आणि मला फीचे पैसे लागतात. मी एकदा कॅमेरा रॉवर ठेवला म्हणून भाऊ चिडले. म्हणाले, "दोन हजार फोटो काढतो आपण एका लग्नात. रॉ ठेवले तं ते ठेवाचे कुठं?" मी वहीत हिशेब केला. आमच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ साधारण २८ एम.बी.ची, जेपेग ९ एम.बी.ची. दोन हजारांचे ५६ जी.बी. विरुद्ध १८ जी.बी. शिवाय एकेक रॉ संगणकावर बसून तयार करायची, आणि मुलीकडच्यांना तर तिसऱ्या दिवशी अल्बम हवा. भाऊंचे म्हणणे खोटे नव्हते. पंगतीचे, वरातीचे, 'आमच्या साडूंबरोबर एक काढा' म्हणणाऱ्यांचे फोटो जेपेगमध्येच काढावेत, असे आता माझेही मत झाले आहे. फक्त अंतरपाट दूर होतो त्या मिनिटापुरता मी कॅमेरा दोन्हींवर ठेवते, रॉ अधिक जेपेग. हॅलोजनचा पिवळा उजेड, त्यात हळदीचे अंग, आणि वर व्हिडिओवाल्याचा पांढरा दिवा! तिथे कॅमेऱ्याचा अंदाज चुकला तर तो क्षण परत घेता येत नाही. भाऊंना हे माहीत आहे. ते पाहून न पाहिल्यासारखे करतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रॉवर वाटेल ते संस्कार करता येतात, मग ती अधिक खरी कशी? मला हा अनुभव आहे. सावळी नवरी उजळ करून द्या, असे सांगणारे लोक दर लग्नात भेटतात, आणि रॉवरून ते काम जास्त सफाईने होते. जगातही यावर एकमत नाही. २०१५ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना कळवले की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्याने दिलेले जेपेगच पाठवा. उलट 'वर्ल्ड प्रेस फोटो' या स्पर्धेत अखेरच्या फेरीत आलेल्यांकडून मूळ फाईल मागवून तपासली जाते. एकाला हस्तक्षेपाची भीती, दुसऱ्याला हस्तक्षेप पकडायचा आहे. पण नीट पाहिले तर दोघांचे म्हणणे जुळते. पाठवायला जेपेग चालेल, वाद निघाला की दाखवायला मूळ हवे. रॉ म्हणजे सत्य असे मी म्हणत नाही. रॉ म्हणजे बाजूला ठेवलेला नमुना.

आणि नमुन्याचे महत्त्व लोणारला आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. पाणी गुलाबी झाले तेव्हा मोबाईलवर शेकडो फोटो फिरले. कोणात पाणी फिकट, कोणात डाळिंबासारखे, कोणात विटकरी. प्रत्येक मोबाईल आपापल्या अंदाजाने पांढरे ठरवतो, आणि चौकटीत एकच रंग फार असला की हा अंदाज फसू शकतो. या फोटोंवरून कोणी निष्कर्ष काढला नाही. वन विभागाने पाण्याचे नमुने प्रयोगशाळांकडे पाठवले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की खारट पाण्यात वाढणाऱ्या 'हॅलोआर्किया' या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. बाटलीत पाणी होते म्हणून उत्तर मिळाले.

आणखी एक गोष्ट मला झोंबली. अमेरिकेच्या नासा संस्थेने त्या वेळी लँडसॅट-८ या उपग्रहाची दोन चित्रे प्रसिद्ध केली, २५ मे २०२० चे हिरवट आणि १० जूनचे गुलाबी. त्या उपग्रहाचे यंत्र १२ बिटांत मोजते, आणि त्याची मोजमापे आजही कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. सातशे किलोमीटरवरून पाहणाऱ्याजवळ आमच्या तळ्याची नोंद शाबूत आहे आणि कडेवर उभ्या असलेल्या माझ्याजवळ पेनाने लिहिलेली तारीख!

म्हणून माझे मत असे की रोजच्या कामाला जेपेग अगदी योग्य आहे, त्याचा कमीपणा मानू नये. पण जे पुन्हा दिसणार नाही आणि ज्यावर उद्या कोणी प्रश्न विचारील, त्याचे रॉ ठेवलेच पाहिजे. ऐपतीचा प्रश्न मी विसरलेले नाही. माझ्या घरी संगणक नाही, मी ग्रंथालयाशेजारच्या खोलीतल्या संगणकावर काम करते. पण बऱ्याच मोबाईलमध्ये 'प्रो' नावाची सोय असते, त्यात रॉ मिळते. 'डार्कटेबल' आणि 'रॉथेरपी' ही रॉ उघडणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत. आणि रॉ नसेल, नुसते जेपेग असेल, तरी ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते. त्याला तर एक पैसाही लागत नाही. (या वार्षिकांकासाठी 'छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवावीत' अशी सूचना फलकावर लागली होती. संपादक मंडळाने क्षमा करावी, पण ती वाचून मला माझा गुलाबी फोटो आठवला.)

भूगोल विभागाच्या सरांपुढे मी एक योजना मांडली आहे. सरोवराच्या कडेवरची एक जागा ठरवायची. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच जागेवरून त्याच दिशेने फोटो काढायचा. पहिल्या फोटोत एक राखाडी पुठ्ठा समोर धरायचा, म्हणजे रंग कशाच्या आधारे ठरवायचा हे पुढच्या माणसाला कळेल. फाईल रॉमध्येच ठेवायची, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि तारीख, वेळ, पाऊस झाला की नाही, हे वहीत लिहायचे. २०२० सालापासून आपले सरोवर रामसर यादीत आहे. एवढी नोंद ठेवणे आपल्याला जड जाऊ नये. सर म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण कॅमेरा कोण देणार?"

दोन लग्नांच्या पैशांतून मी ६४ जी.बी.चे एक कार्ड घेतले आहे. पुठ्ठाही आहे. भाऊ महिन्यातून एक दिवस कॅमेरा देतो म्हणाले, लग्नाची तारीख नसेल तर. मार्च ते मे या महिन्यांत मात्र त्यांना एक दिवसही रिकामा नसतो, आणि पाणी आटून रंग बदलण्याची शक्यता नेमकी तेव्हाच. त्या तीन महिन्यांसाठी ज्या कोणा विद्यार्थ्याकडे किंवा प्राध्यापकांकडे रॉ घेणारा कॅमेरा अथवा मोबाईल असेल त्यांनी मला बी.ए. द्वितीय वर्षाच्या वर्गात भेटावे.