विश्लेषण: ‘एलियन: अर्थ’मध्ये राक्षसापेक्षा कंपनीच जास्त भीतीदायक का वाटते?

‘एलियन’ चित्रपटांची ४६ वर्षांची भीती आता मालिकेच्या रूपात मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. नोआ हॉली यांची ‘एलियन: अर्थ’ ही आठ भागांची मालिका अमेरिकेत १२ ऑगस्ट २०२५ रोजी एफएक्स वाहिनी आणि हुलूवर सुरू झाली. भारतात ती १३ ऑगस्टपासून जिओहॉटस्टारवर आली. पहिले दोन भाग एकदम आले आणि पुढचे दर आठवड्याला एक आले. लांब डोक्याचा, जबड्यातून दुसरा जबडा काढणारा तो प्राणी यातही आहे. पण दोन भाग पाहिल्यावर डोक्यात राहतो तो प्राणी नाही. राहतो तो एक साधा प्रश्न: माणसाच्या शरीराचा आणि मनाचा मालक एखादी कंपनी होऊ शकते का?

चित्रपट पाहिले नसतील तर मालिका समजेल का?

समजेल. रिडली स्कॉट यांचा पहिला ‘एलियन’ १९७९ मध्ये आला. त्यानंतर जेम्स कॅमेरॉन यांचा ‘एलियन्स’ (१९८६) आणि डेव्हिड फिंचर यांचा ‘एलियन ३’ (१९९२) आले. २०२४ च्या ‘एलियन: रोम्युलस’पर्यंत मुख्य मालिकेत सात चित्रपट झाले. मालिकेचे कथानक २१२० मध्ये, म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या दोन वर्षे आधी घडते. त्यामुळे आधीचे काही माहीत असण्याची गरज नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. वेलँड-युटानी या कंपनीचे ‘मॅजिनो’ हे यान अंतराळातून वेगवेगळे जीव गोळा करून ६५ वर्षांच्या मोहिमेनंतर परत येत असते. ते कोसळते पृथ्वीवरच्या ‘न्यू सियाम’मधल्या एका शहरावर. हे शहर प्रॉडिजी नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या मालकीचे असते. यानातल्या जीवांवर दोन्ही कंपन्यांचा डोळा आहे. प्रॉडिजीचा तरुण मालक बॉय कॅव्हेलियर याचा हिशेब सरळ आहे: माझ्या शहरात पडले ते माझे. मालिकेचे चित्रीकरण थायलंडमध्ये झाले आहे, त्यामुळे दमट हवा, हिरवळ आणि पाणी सगळीकडे दिसते.

पृथ्वीवर सरकार कोणाचे?

कोणाचेच नाही. मालिकेतली पृथ्वी पाच कंपन्यांनी वाटून घेतली आहे: प्रॉडिजी, वेलँड-युटानी, लिंच, डायनॅमिक आणि थ्रेशोल्ड. शहर कंपनीचे, सैनिक कंपनीचे, इस्पितळही कंपनीचे.

पाश्चात्त्य प्रेक्षकाला ही भविष्यातली कल्पना वाटेल. आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे, ‘कंपनी सरकार’. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला लग्नात मिळालेले मुंबई बेट त्याने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने दिले होते. पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडवली ती इंग्लंडच्या राजाने नव्हे, कंपनीने. १८५८ मध्ये ब्रिटिश राजसत्तेने कारभार हाती घेईपर्यंत सारा गोळा करणारी, फौज बाळगणारी आणि न्याय देणारी ही एक व्यापारी पेढीच होती. तिचे भागधारक लंडनमध्ये बसून लाभांश घेत होते.

म्हणून ही मालिका मराठी वाचकाला थोडी वेगळी दिसायला हवी. आपल्यासाठी हा शक्यतेचा नाही, इतिहासाचा विषय आहे. मालिकेच्या नावातला ‘अर्थ’ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी. मराठीत अर्थ म्हणजे पैसाही होतो, आणि मालिकेला तो दुसरा अर्थ जास्त शोभतो.

मग हे चित्रपटांत नव्हते का?

होते, पण आडून. पहिल्या चित्रपटातले ‘नोस्ट्रोमो’ हे काही शोधमोहिमेचे यान नव्हे, ते खनिज ओढून नेणारे मालवाहू जहाज आहे. त्यावरचे सात जण म्हणजे अंतराळातले ट्रकवालेच. त्यातले दोघे तर बोनसच्या वाट्यावरून कुरकुरत असतात. अनोळखी संदेश येतो तेव्हा वाट वाकडी करायला ते तयार नसतात. त्यांना करारातले कलम दाखवले जाते: संदेशाची तपासणी केली नाही तर पैशातला वाटा बुडेल. त्यानंतर जे घडते ते सगळे त्या कलमामुळे घडते. पुढे कळते की, तो जीव परत आणणे हेच कंपनीचे पहिले उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी कर्मचारी मेले तरी चालणार आहेत.

‘एलियन्स’मध्ये बर्क नावाचा कंपनीचा माणूस येतो. नायिका आणि एका लहान मुलीच्या शरीरातून हे जीव लपवून नेण्याचा त्याचा डाव असतो. म्हणजे खलनायक चार दशकांपासून ठरलेलाच आहे. फरक इतकाच की, चित्रपटांत कंपनी पडद्यामागे होती. मालिकेने तिला समोर आणून खुर्चीत बसवले आहे.

सायबॉर्ग, सिंथ आणि हायब्रिड म्हणजे काय?

मालिकेत अमर होण्याची शर्यत लागली आहे आणि तिच्यात तीन तंत्रे आहेत. सायबॉर्ग म्हणजे शरीरात यंत्राचे भाग बसवलेला माणूस. सिंथ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, माणसासारखे दिसणारे यंत्र. हायब्रिड हे प्रॉडिजीचे नवे उत्पादन. यात शरीर कृत्रिम असते, पण आत मन असते खऱ्या माणसाचे.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर हार्डवेअर कंपनीचे आणि सॉफ्टवेअर तुमचे. पण इथे सॉफ्टवेअर म्हणजे तुमची आठवण, तुमचा स्वभाव, तुमचे ‘मी’पण.

हा प्रयोग लहान मुलांवरच होतो, कारण मोठ्यांची मने नव्या शरीरात रुळत नाहीत, असे मालिका सांगते. पहिली मुलगी मार्सी. असाध्य आजाराने ती मरणाच्या दारात आहे. तिचे मन मोठ्या बाईच्या कृत्रिम शरीरात टाकले जाते आणि तिला ‘वेंडी’ हे नवे नाव मिळते. सिडनी चँडलर हिने ही भूमिका केली आहे. मोठ्या शरीरातले मुलाचे कुतूहल ती फार बारकाईने दाखवते. तिच्यासारखी आणखी पाच मुले आहेत. सगळ्यांची नावे ‘पीटर पॅन’च्या गोष्टीतली आहेत आणि ती राहतात त्या बेटाचे नावही ‘नेव्हरलँड’च. तिथे मुले कधी मोठी होत नाहीत. इथे त्यांना मोठे होऊ दिले जात नाही.

इथे एक वाजवी आक्षेप येतो. कंपनी नसती तर मार्सी मेलीच असती. तिने जीव वाचवला, मग तक्रार कसली? वाचवल्याची तक्रार नाहीच. डॉक्टरही जीव वाचवतात, पण त्यामुळे रुग्ण त्यांच्या मालकीचा होत नाही. प्रॉडिजीच्या दृष्टीने वेंडी रुग्ण नाही, श्रीमंतांना अमरत्व विकण्याआधीचा नमुना आहे. उपचार आणि मालकी यांच्यातली रेघ पुसली जाते, ती या ठिकाणी.

हे निव्वळ कल्पनारंजन आहे का?

मन उतरवून घेण्याचे तंत्र आज अस्तित्वात नाही. शरीर आणि कंपनी यांची गाठ मात्र पडलेली आहे.

कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट या कंपनीने ‘आर्गस २’ हे डोळ्यात बसवायचे यंत्र बनवले. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराने आंधळ्या झालेल्यांना त्यातून उजेड आणि आकार कळू लागले. अमेरिकी नियामकांनी त्याला २०१३ मध्ये मान्यता दिली. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने हे उत्पादन बंद केले आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. ‘आयट्रिपलई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये हा प्रकार उजेडात आणला. यंत्र डोळ्यात तसेच, पण ते बिघडले तर दुरुस्त करणारे कोणी नाही. फोनला अपडेट येणे थांबले तर आपण फोन बदलतो. डोळ्याचे काय करायचे?

दुसरे उदाहरण जुने आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्या मरेनात, वाढतच राहिल्या. ‘हीला’ पेशी म्हणून त्या जगभर गेल्या, त्यांवर संशोधन झाले, व्यवसायही झाला. तिच्या वारसांची एका बड्या जैवतंत्रज्ञान कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ मध्ये, ७२ वर्षांनी.

जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंकने पहिल्या माणसाच्या मेंदूत चिप बसवली. मानेखाली लुळ्या पडलेल्या त्या तरुणाला विचारांनी संगणकाचा कर्सर हलवता येऊ लागला. हे मोठेच वरदान आहे. पण चिपचा मालक कोण, मेंदूतून निघणारी माहिती कोणाची आणि कंपनी बुडाली तर काय, हे प्रश्न अशा प्रत्येक यंत्रासोबत येतात.

कायदे काय म्हणतात?

चिलीने २०२१ मध्ये मेंदूतील माहितीच्या संरक्षणाचा उल्लेख थेट राज्यघटनेत केला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेंदूचे तरंग नोंदवणारे उपकरण विकणाऱ्या कंपनीला एका माजी सिनेटरची साठवलेली माहिती पुसायला लावली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मेंदूच्या माहितीसाठी मात्र वेगळी तरतूद नाही.

आता नोकरीच्या करारांकडे पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून तुम्ही जे लिहाल, बनवाल त्याची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे असते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामागची कारणे आहेत. सरकारी बँकेला भरतीचा खर्च असतो, अधिकारी मध्येच गेला तर तो वाया जातो. पण छापील करारावर सही करताना दोन बाजूंची ताकद सारखी नसते, हेही न्यायालयाने लक्षात घेतले.

कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी बॉण्डचे कागद पुढे येतात तेव्हा वर्गातले किती जण ते पूर्ण वाचतात, हे इंजिनीअरिंग केलेल्या कोणालाही विचारा. ऑफर लेटरचा फोटो घरच्या ग्रुपवर आधी जातो, कलमे नंतर कळतात. ‘नोस्ट्रोमो’वरच्या लोकांनाही कलम संकटाच्या वेळीच कळले होते. मेहनत विकणे वेगळे आणि स्वतःला विकणे वेगळे, हा फरक कागदावर एखाद्या ओळीचाच असतो. ती ओळ शोधायची सवय आपल्याला कोणी लावत नाही.

आदर्श गौरवची भूमिका काय?

‘द व्हाइट टायगर’साठी बाफ्टा नामांकन मिळवलेला आदर्श गौरव यात ‘स्लाइटली’ या हायब्रिड मुलाची भूमिका करतो. हॉलीवूडच्या विज्ञानपटांत भारतीय नट बहुधा शास्त्रज्ञ किंवा डॉक्टर म्हणून येतो आणि लवकर मरतो. इथे त्याला पूर्ण पात्र मिळाले आहे. तिशीतला माणूस लहान मुलासारखा अडखळतो, घाबरतो, लाडीगोडी लावतो आणि ते खरे वाटते. गंमत म्हणजे आदर्शचा जन्म जमशेदपूरचा. पोलाद कारखान्याभोवती उभे राहिलेले आणि नागरी सेवा वर्षानुवर्षे कंपनीनेच सांभाळलेले ते शहर. तिथल्या सोयींचे कौतुक होते, ते योग्यच आहे. कंपनीने शहर चालवणे म्हणजे अत्याचारच, असे नाही. पण कंपनी चांगली निघाली हे नशीब झाले, हक्क नव्हे.

मालिका म्हणून कशी आहे?

चित्रपटांवरून विज्ञानमालिका काढणे हा जुगार असतो. १९९४ च्या ‘स्टारगेट’वरून निघालेली ‘स्टारगेट एसजी-१’ दहा पर्वे चालली, तर ‘टर्मिनेटर’वरची ‘द सारा कॉनर क्रॉनिकल्स’ दोन पर्वांत आटोपली. ‘एलियन’ची अडचण वेगळी आहे. पहिला चित्रपट भीतीदायक झाला तो प्राणी फारसा न दाखवल्यामुळे. मालिकेला आठ भाग भरायचे आहेत, त्यामुळे तो लवकर, भरपूर आणि चांगल्या उजेडात दिसतो. दुसऱ्या भागात तर त्याची दहशत कमी होते. ‘पीटर पॅन’चे संदर्भही गरजेपेक्षा जास्त वेळा येतात.

जमेची बाजू अशी की, हॉली यांनी निव्वळ जुन्या आठवणींवर मालिका उभी केलेली नाही. बाबू सीसे याने साकारलेला मॉरो हा सायबॉर्ग पाहा. मालवाहू जीव वाचवण्यासाठी तो सहकाऱ्यांना मरू देतो. त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, कामाचा काटेकोरपणा आहे. राक्षसापेक्षा अंगावर येतो तो हा चेहरा, कारण राक्षसाचा काही करार नसतो, तो भूक लागली म्हणून मारतो. मॉरो नोकरी म्हणून मारू देतो.

मग पाहावी का?

रक्तपात सोसत असेल तर जरूर. लहान मुलांसोबत मात्र नको. आणि तो प्राणी कधी येतो याची वाट पाहण्यापेक्षा एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: वेंडीला ‘नाही’ म्हणता येते का? जे यंत्र शरीरात जाणार आहे ते कोण बंद करू शकतो, कोण दुरुस्त करणार आणि ते घेणाऱ्याला बाहेर पडता येईल का, हे आधी विचारायला हवे. मुंबई १० पौंडांना भाड्याने गेली तेव्हा तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. या वेळी विचारणारा कायदा यंत्राच्या आधी यावा, नंतर नव्हे.