चौदाव्या वर्षीचे वजन म्हणजे पैलवानकी नव्हे

गावच्या जत्रेत कुस्त्यांचे मैदान भरते. हलगी घुमते आणि 14 वर्षांचा एक पोरगा आखाड्यात उतरतो. मिसरूड फुटलेले, खांदे रुंद, मांड्या भरलेल्या. समोरचा त्याच्याच वयाचा, पण अजून आवाजही न फुटलेला. पहिल्याच मिनिटात पहिला दुसऱ्याला उचलून आपटतो. ‘हा उद्याचा महाराष्ट्र केसरी!’ असे कुणीतरी म्हणते. पुढच्या काही दिवसांत त्याची तालीम ठरते, खुराक ठरतो, कधीकधी शाळाही सुटते. हरलेल्या पोराकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. कोल्हापूर जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. पण त्या एका मिनिटात जे दिसले, ते त्या पोराचे कसब होते की फक्त लवकर आलेले वयात येणे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ सरासरी 14 व्या वर्षाच्या आसपास येतो. स्नायूंच्या ताकदीचा जोर त्यानंतर काही महिन्यांनी येतो. पण ही झाली सरासरी. कुणाचा हा टप्पा 12 व्या वर्षीच येतो, तर कुणाला 16 व्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एकाच वयाची असलेली दोन मुले शरीराच्या वयाने तीन-चार वर्षे पुढेमागे असू शकतात. वजनगट केले तरी हा फरक पुरता पुसला जात नाही. वजन सारखे असले, तरी वयात आलेल्या मुलाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्नायू अधिक असतात.

यात जन्मतारखेचाही वाटा आहे. शालेय स्पर्धांचे वयोगट 1 जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. कॅनडातल्या आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा असल्याचे 1980 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी दाखवून दिले. पुढे फुटबॉलसह अनेक खेळांत तेच आढळले. निवडणाऱ्याला वाटते आपण गुण निवडतो आहोत. प्रत्यक्षात कॅलेंडरही त्याच्यासोबत निवड करत असते. उंची, वजन, धावण्याचा वेग, उभी उडी, जड चेंडूची फेक या निवड चाचण्यांतही लवकर वाढलेल्या मुलाचेच पारडे जड राहते.

कोल्हापूरच्या मातीतच याला उत्तर आहे. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. राजाराम कॉलेजात असताना त्यांची किरकोळ चण पाहून क्रीडास्पर्धेत त्यांचे नाव घ्यायलाही नकार मिळाला होता, असे सांगितले जाते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळाले, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. मधली 15 वर्षे कुणीतरी धीर धरला, म्हणून ते पदक दिसले.

लवकर चमकणारे नसतातच असे नाही. कोल्हापूरचाच वीरधवल खाडे 17 वर्षांचा होण्याआधीच 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. शिवाय तालमीत जागा मोजक्या, वस्तादांचा वेळ मोजका. कुणाला तरी निवडावेच लागते, हेही खरे. अनुभवी वस्तादांच्या नजरेला किंमत आहेच. पण ती नजर अंगावर खिळली की चुकते. जर्मनीचे आर्ने ग्युलिश आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या माहितीचा एकत्रित अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध केला. प्रौढपणी जगात अव्वल ठरलेले खेळाडू लहानपणी एकाहून अधिक खेळ खेळलेले होते, मुख्य खेळात उशिरा आले होते आणि सुरुवातीची त्यांची प्रगती तुलनेने संथ होती, असे त्यात दिसले.

या घाईत नुकसान फक्त मागे राहिलेल्या पोराचे होत नाही, जिंकणाऱ्याचेही होते. नुसत्या जोरावर कुस्ती निघते, तेव्हा डाव शिकण्याची गरजच वाटत नाही. 18-19 व्या वर्षी बाकीचे अंगाने बरोबरीला येतात आणि हा चितपट होऊ लागतो. तोवर घरच्यांनी दूध, बदाम, तुपासाठी कर्ज काढलेले असते आणि शाळा मागे पडलेली असते. इथेच पावडरी आणि इंजेक्शनांचा मोह सुरू होतो. वाढत्या वयात घेतलेली स्टेरॉइड हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा वेळेआधी बंद करू शकतात, म्हणजे उंचीच खुंटते. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, घाम काढणे हेही या वयात धोक्याचे. झपाट्याने उंची वाढत असताना गुडघा किंवा टाच सतत दुखत असेल, तर ‘सहन कर’ म्हणण्याऐवजी सराव कमी करून डॉक्टरांना दाखवायला हवे.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक तालमीत एक वही ठेवावी. तीत मुलाची जन्मतारीख, आईवडिलांची उंची आणि दर तीन महिन्यांनी मोजलेली उंची व वजन लिहावे. वाढीचा झपाटा सुरू झाला की संपत आला, हे त्या आकड्यांवरून बरेचसे कळते. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्या काही सामने वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून खेळवतात. तालमीत तर हे रोजच्या जोडीत करता येईल. थोराड पोराची जोड अंगाने तुल्यबळ मोठ्या मुलाशी लावली, तर त्याला डाव शिकावेच लागतील. आणि निवडताना कोण जिंकला याबरोबरच, नवा डाव कोण किती लवकर उचलतो आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे कोण हजर असतो, याचीही नोंद व्हावी.

निवड एकदाच करून दार बंद करू नये. 14 व्या वर्षी नाकारलेल्या पोराला 16 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा बोलवावे. आणि निवडलेल्याची शाळा कोणत्याही परिस्थितीत सुटू देऊ नये. ही अट आईवडिलांनीच तालमीत नाव घालताना घातली पाहिजे.