मोझेलकाठचा मुक्काम

फ्रान्समध्ये उगम पावून जर्मनीतील कोब्लेन्झ येथे ऱ्हाइनला मिळणाऱ्या मोझेल नदीकाठी मोटरहोम, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, आणि सायकल यांची सांगड घालून छोटी सहल आखताना अंतराआधी मुक्कामाचा विचार करावा लागतो. नदीलगतच्या अनेक गावांत ‘श्टेलप्लाट्झ’, म्हणजे अशा गाड्यांसाठी राखलेले थांबे असून तेथे बहुधा वीज, पाणी आणि सांडपाणी सोडण्याची व्यवस्था असते. मात्र त्यांतील काही सखल काठावर असल्याने हिवाळ्यात नदीला पूर आला की ते पाण्याखाली जातात. काठचा सायकलमार्ग बहुतांशी सपाट असला, तरी नदी इतकी नागमोडी आहे की आल्या वाटेने परतणे दमछाक करणारे ठरते, आणि तेथे रेल्वे उपयोगी पडते : कोखेम गावाच्या वरच्या अंगाला नदी २० किलोमीटरहून मोठा वळसा घेते, तर रेल्वे तोच वळसा सुमारे ४.२ किलोमीटरच्या बोगद्याने टाळते. त्यामुळे मोटरहोम कोखेमला ठेवून, उभ्या उतारांवरील द्राक्षमळ्यांच्या पायथ्याने आणि बाइलश्टाइन गावासमोरून वळशाच्या दुसऱ्या टोकावरील एडिगर-एलरपर्यंत सायकलने जावे व प्रादेशिक रेल्वेत सायकल चढवून काही मिनिटांत परतावे, हा बेत रोज मुक्काम हलवण्यापेक्षा अधिक किफायतशीर आणि सुखाचा होतो.